मिनिटं सांगणारी

लेउवार्डनच्या सहा नंबरच्या थिएटरात
माझं काम एवढंच आहे असं नाही,
पण आज एवढंच: घड्याळाकडे बघायचं
आणि मोठ्यानं बोलायचं.

वीब्रेन सकाळी म्हणाला होता,
भूल चढायच्या आधी, ढगळ गाऊन सावरत:
मीही दारंच लावतो. बेचाळीस वर्षं, कालव्यावर.
दार लावणं सोपं असतं, पोरी.
दोन्हीकडे पाणी सारखं असलं
की फुटकं दारही शहाण्यासारखं उभं राहतं.
एका बाजूचं उतरवलं, की कळतं.
मी हो म्हणाले. हो म्हणायची सवय असते आम्हाला.

आता पडद्यावर त्याचं मूत्रपिंड,
चरबीतून सोडवलेलं, ओलं, जांभळट,
आणि पाठीवर ती गाठ,
अक्रोडाएवढी, पिवळी, परक्या घरात पाय पसरून बसलेली.
पोटाला पाच भोकं. आत वायू भरलेला,
सगळ्या शिरांवर तळहातासारखा टेकलेला.
डॉक्टर आउक्ये धमनी शोधते.
धमनी दिसत नाही, आधी तिचं उडणं दिसतं.
मग चिमटा. बोटाच्या पेराएवढा, स्प्रिंगचा,
धरलं की न सोडणारा.

शून्य, मी म्हणते.
शून्य, आउक्ये म्हणते.

मूत्रपिंड फिकं पडतं,
ऐकू नये ते ऐकलेल्या माणसासारखं.

कात्री चालते. चार. चार.
निरोगी मांसाची बारीक कड ठेवून,
बटाट्याचा डोळा काढावा तशी.
सात. सात.
एक छोटी शीर तोंड उघडून राहते,
ओढनळी लगेच तिथं. कुणी काही बोलत नाही.
थिएटरात घाबरणं म्हणजे आवाज खाली येणं.

गाठ पिशवीत. नऊ.
आता दोरा, काटेरी, मागे न सरणारा,
शेपटीला प्लास्टिकची चिमटी.
सुई खोल जाते, गोल फिरून वर येते,
चिमटी दोऱ्यावरून सरकवत सरकवत
आउक्ये मांस आवळते:
इतकं, की मिटेल,
इतकं नाही, की फाटेल.
या दोन ‘इतकं’मधलं अंतर ती आठ वर्षांत शिकली,
आणि एकदा चुकली. ते आम्ही दोघी बोलत नाही.

चौदा, मी म्हणते. ती परत म्हणत नाही.
चौदा.
चौदा. सोड.

चिमटा सुटतो.
रंग येतो, आधी बिचकत, मग एकदम.
टाक्यांमधून एक थेंब फुगतो, तिथंच थबकतो.
मग वरचा थर, सावकाश.
घड्याळ आता कुणाचंच नाही.

कोरडं, योरित म्हणतो. नवा आहे,
‘कोरडं’ म्हणायला आवडतं त्याला.

मला दार आठवतं.
पण सांगावं लागत नाही, आउक्येच म्हणते:
वायू पाचवर आणा.
पोट हळूहळू बसतं. पडद्यावर सगळं दाटीवाटीनं पुढे येतं.
शिरांवरचा तळहात उचलला जातो.
आम्ही थांबतो.
थांबणं हीही इथली एक पद्धत आहे,
तिला हत्यार नाही, म्हणून ट्रेवर जागा नाही.

दोन मिनिटं काही नाही.
मग टाक्याच्या डाव्या टोकाखालून
एक गडद, आळशी रेघ.
उडत नाही. घाईत नाही.
इतका वेळ दाबाखाली निमूट बसलेली.

योरित पायांकडे बघतो.
विरघळणाऱ्या जाळीचा तुकडा, दुहेरी घडी,
रेघेवर ठेवून दाबलेला, आणि त्याला धरून एक टाका.
मी पुन्हा मोजते, कुणी सांगितलं नसताना.
पाचला जाळी तांबडी झालेली,
तेवढीच तांबडी, सहालाही.

तिसऱ्या दिवशी वीब्रेन खुर्चीत,
शेजारच्या बाटलीत धुतल्या मांसासारखं पाणी.
दार गळलं का?
थोडं.
कुठून?
डावीकडून. खालून.
तिथूनच गळतं, तो म्हणतो,
आणि बिस्कीट कॉफीत बुडवून
जरा जास्तच वेळ धरतो.
ते तुटून तळाला जातं.
आम्ही दोघं कपात बघत राहतो.